जीटीएक्स १०६० की आरएक्स ५८०? तक्त्यातला कोणता आकडा खरा मानायचा

गेल्या महिन्यात सांगलीहून भाच्याने व्हॉट्सॲपवर एक स्क्रीनशॉट पाठवला. शेजारी शेजारी दोन रकाने, वर दोन जुन्या ग्राफिक्स कार्डांची नावं: जीटीएक्स १०६० आणि आरएक्स ५८०. खाली पंधरा-वीस ओळी आकडे. त्याखाली त्याने लिहिलं होतं, "मामा, ५८० सगळ्यातच पुढे दिसतंय. मग लोक १०६० घेतातच कशाला?"

तक्ता बघितला तर पोराचं चुकलं नव्हतं. कोअर (हिशेब करणारे छोटे घटक) १२८० विरुद्ध २३०४. मेमरी ६ जीबी विरुद्ध ८ जीबी. मेमरी बस १९२ बिट विरुद्ध २५६ बिट. टेराफ्लॉप (सेकंदाला किती लाख कोटी हिशेब) ४.४ विरुद्ध ६.२. १०६० पुढे होतं ते चिपच्या घड्याळाच्या वेगात (सेकंदाला किती ठोके) आणि कमी वीज खाण्यात, एवढंच. शाळेच्या प्रगतिपुस्तकासारखं वाचायचं म्हटलं तर निकाल स्पष्ट होता.

त्याला मी फोनवर जे सांगितलं तेच इथे नीट मांडतो. या तक्त्यात दोन प्रकारच्या ओळी असतात. काही ओळी दोन कार्डांमध्ये सरळ तोलता येतात, कारण दोन्हीकडे माप एकच असतं: जीबी म्हणजे जीबी, वॅट म्हणजे वॅट. आणि काही ओळींत शब्द सारखा दिसतो पण त्यामागची वस्तू निराळी असते. कोअर, बूस्ट क्लॉक (जोरात पळतानाचा घड्याळाचा वेग), टेराफ्लॉप, नॅनोमीटर हे सगळे या दुसऱ्या प्रकारातले. घोळ होतो तो इथेच.

आधी कार्डांची ओळख. एनव्हिडियाचं जीटीएक्स १०६०, ६ जीबीवालं, जुलै २०१६ मध्ये आलं. किंमत २४९ डॉलर. एएमडीचं रेडिऑन आरएक्स ५८०, ८ जीबीवालं, एप्रिल २०१७ मध्ये आलं. किंमत २२९ डॉलर. दोन्ही मधल्या गटातली, १०८० पी (१९२० × १०८० पिक्सेल) पडद्यावर चांगल्या सेटिंगला गेम खेळणाऱ्यांसाठी बनवलेली. स्टीम या गेमच्या ऑनलाइन दुकानाच्या दरमहा हार्डवेअर पाहणीत १०६० कित्येक वर्षं पहिल्या क्रमांकावर बसून होतं, २०२२ च्या अखेरीस कुठे ते खाली उतरलं. म्हणजे दोन्ही कार्डं जुनी आहेत, पण अडगळीतली नाहीत. सेकंडहँड बाजारात आजही त्यांच्याबद्दल रोज विचारणा होते.

आता मुख्य घोळाकडे. टेराफ्लॉपचा आकडा कुठून येतो? तो कुणी मोजलेला नसतो, गुणाकार करून काढलेला असतो. कोअरची संख्या गुणिले २ गुणिले घड्याळाचा वेग. २ अशासाठी की एक कोअर एका ठोक्याला एक गुणाकार आणि एक बेरीज मिळून करतो. ५८० साठी: २३०४ × २ × १३४० मेगाहर्ट्झ, उत्तर साधारण ६.१७ टेराफ्लॉप. १०६० साठी: १२८० × २ × १७०८, उत्तर ४.३७. पहिला आकडा दुसऱ्यापेक्षा ४१ टक्क्यांनी मोठा. पण त्या काळातल्या गेममध्ये ही दोन कार्डं जवळजवळ बरोबरीत धावत. एका गेममध्ये हे पुढे, दुसऱ्यात ते. मग हे ४१ टक्के गेले कुठे?

गुणाकारात एक गृहीतक लपलेलं आहे: प्रत्येक कोअरला प्रत्येक ठोक्याला काम मिळतंय. ते कधीच मिळत नाही. किती मिळतं हे कार्डाच्या आतल्या रचनेवर ठरतं.

ग्राफिक्स कार्डातले कोअर प्रोसेसरच्या कोअरसारखे स्वतंत्र नसतात. ते पंगतीने बसतात. एका गटातल्या सगळ्यांना एकाच वेळी एकच सूचना मिळते. एनव्हिडियाच्या रचनेत हा गट ३२ चा असतो, ५८० च्या पोलारिस रचनेत ६४ चा. लग्नातली पंगत डोळ्यांसमोर आणा. एका पंगतीला ६४ पानं मांडायची असा नियम आहे आणि जेवायला ४० जण आलेत. पंगत ६४ चीच बसणार, २४ पानं रिकामी राहणार, आणि ती उठेपर्यंत जागा अडलेली. तेच ३२ च्या पंगती असतील तर एक पंगत पूर्ण भरते, दुसरीत ८ जण बसतात. इथेही २४ पानं रिकामीच, पण आलेले ३० असते तर? मोठ्या पंगतीत ३४ रिकामी, लहान पंगतीत फक्त २.

दुसरी अडचण याहून मोठी. समजा पंगतीतल्या काहींचा उपवास आहे. वाढपी एका वेळी एकच पदार्थ घेऊन फिरतो. आधी साबुदाण्याची खिचडी फिरते तेव्हा बाकीचे हात आवरून बसतात, मग वरण-भात फिरतो तेव्हा उपवासवाले बसून राहतात. ग्राफिक्सच्या प्रोग्रॅममध्ये 'हे असेल तर असं कर, नाहीतर तसं' असं आलं की नेमकं हेच घडतं: गटातले काही पिक्सेल एका वाटेने जातात, काही दुसऱ्या, आणि संपूर्ण गटाला दोन्ही वाटा चालाव्या लागतात. सावलीची कड, झाडाची पानं, केस, कुंपणाची जाळी अशा ठिकाणी हे सतत होतं. पंगत जितकी मोठी, तितकी तिच्यात एखादा उपवासवाला निघण्याची शक्यता जास्त.

५८० मध्ये कोअरचे ३६ संच, म्हणजे कॉम्प्युट युनिट, आहेत, प्रत्येकात ६४ कोअर; ३६ × ६४ = २३०४. १०६० मध्ये १० युनिट आहेत, प्रत्येकात १२८, म्हणून १२८०. पोलारिसचं प्रत्येक युनिट आतून १६-१६ च्या चार तुकड्यांत विभागलेलं असतं आणि ६४ चा एक गट १६ च्या तुकडीवरून चार ठोक्यांत पार पडतो. हे यंत्र भरलेलं ठेवायचं तर एकाच वेळी भरपूर गट रांगेत उभे हवेत. गेमने काम भरभरून पाठवलं तर ५८० ची ताकद दिसते. तुटक तुटक पाठवलं तर २३०४ पैकी बरेच कोअर वाट बघत बसतात. कमी कोअर, पण त्यांना कामाला लावणं सोपं, अशी १०६० ची घडण आहे.

म्हणूनच गेम कुठल्या भाषेत कार्डाशी बोलतो यावर निकाल बदलतो. जुन्या डायरेक्टएक्स ११ मध्ये बरंचसं काम ड्रायव्हर (कार्ड चालवणारं कंपनीचं सॉफ्टवेअर) करतो. एनव्हिडियाचा ड्रायव्हर ते काम प्रोसेसरच्या अनेक कोअरवर वाटून देण्यात तरबेज होता. एएमडीचा त्या काळातला ड्रायव्हर एकाच कोअरवर जास्त भार टाकत असे. घरातला प्रोसेसर जुना असेल तर डायरेक्टएक्स ११ च्या गेममध्ये ५८० ला तो पुरा पडत नाही. डायरेक्टएक्स १२ किंवा व्हल्कनमध्ये गेम स्वतःच कामाच्या रांगा लावतो, चित्र काढण्याचं आणि हिशेबाचं काम एकत्र पाठवू शकतो, आणि मोकळे कोअर भरले जातात. तिथे ५८० पुढे सरकतं. वर्षं गेली तसे नवे गेम या दुसऱ्या प्रकारचे येत गेले, त्यामुळे ५८० म्हातारपणी सुधारलं असं लोक म्हणतात. मला वाटतं, कार्ड होतं तसंच होतं. त्याला साजेसं काम उशिरा आलं.

घड्याळाची ओळ तशीच फसवी. १०६० ची बूस्ट १७०८ मेगाहर्ट्झ लिहिलेली असते, पण हवा नीट खेळत असलेल्या कॅबिनेटमध्ये हे कार्ड आपणहून १८५० ते १९०० च्या पुढे पळतं. एनव्हिडियाने छापलेला बूस्ट म्हणजे साधारण एवढा तरी मिळेल असा आकडा. ५८० चा १३४० हा मात्र कमाल आकडा आहे. कार्ड तापलं किंवा वीज कमी पडली की ते त्याखाली येतं. एक कंपनी तळ सांगते, दुसरी छत सांगते, आणि तक्ता दोन्ही एकाच ओळीत बसवतो. १९०० धरून पुन्हा गुणाकार केला तर १०६० चा आकडा ४.८६ टेराफ्लॉप होतो. म्हणजे ४१ टक्क्यांतला बराच भाग इथेच गळतो.

नॅनोमीटरबद्दल फार बोलत नाही. १०६० ची चिप टीएसएमसीच्या १६ नॅनोमीटरवर, ५८० ची ग्लोबलफाउंड्रीजच्या १४ वर. १४ लहान म्हणून भारी असं नसतं. ही ज्याच्या त्याच्या कारखान्याने आपल्या चिप बनवण्याच्या पद्धतीला दिलेली नावं आहेत.

मेमरीच्या ओळी मात्र खऱ्या. इथे माप एकच आहे. दोन्हीकडे जीडीडीआर ५ जातीची मेमरी, दोन्हीकडे प्रत्येक तारेवर सेकंदाला ८ गिगाबिट. बस म्हणजे चिप आणि मेमरी यांच्यातल्या तारांची संख्या. ८ बिट म्हणजे १ बाइट, म्हणून शेवटी ८ ने भागायचं: १९२ × ८ ÷ ८ = सेकंदाला १९२ जीबी. २५६ × ८ ÷ ८ = २५६ जीबी. ५८० चा रस्ता तिसऱ्या हिश्श्याने रुंद. आता १०६० वर एवढ्या अरुंद रस्त्याने अडचण का होत नाही, तर ते चित्रातले रंग दाबून, शेजारच्या पिक्सेलमधला फरक तेवढा लिहून पाठवतं. शिवाय पडदा लहान लहान तुकड्यांत रंगवून बरंचसं काम चिपमधल्याच साठ्यात उरकतं. पोलारिसही रंग दाबतं, पण एनव्हिडियाचं तंत्र त्या वेळी पुढे होतं. म्हणून हा ३३ टक्क्यांचा फरक खेळताना तेवढा जाणवत नाही.

६ जीबी आणि ८ जीबी यांतला फरक मात्र जाणवतो, आणि दर वर्षी जास्त जाणवतो. हिशेब करून बघा. गेममधल्या भिंतीवर चिकटवलेलं चित्र, म्हणजे टेक्श्चर, ४०९६ × ४०९६ पिक्सेलचं असेल तर त्यात सुमारे १ कोटी ६८ लाख पिक्सेल होतात. एका पिक्सेलला चार बाइट धरले तर ६४ एमबी. कार्डाला समजेल अशा रीतीने दाबलं की १६ एमबी. लांबून दिसायला लागणाऱ्या लहान प्रती सोबत ठेवाव्या लागतात, त्या धरून २१ एमबी. पण एका भिंतीला एक चित्र पुरत नाही: एक रंगाचं, एक उंचसखलपणाचं, एक चकाकीचं. झाले ६४ एमबी. अशा शंभर पृष्ठभागांची चित्रं एकदम हाताशी ठेवायची म्हटली तर ६.४ जीबी. १०६० ची मेमरी तिथेच संपली.

संपली की काय होतं? उरलेला माल संगणकाच्या साध्या रॅममध्ये जातो आणि लागेल तसा पीसीआय एक्सप्रेसच्या वाटेने आणावा लागतो. ती वाट, तिसऱ्या पिढीची आणि सोळा लेनची असली तरी, सेकंदाला जेमतेम १६ जीबीची. कुठे १९२ आणि कुठे १६. त्या क्षणी सरासरी एफपीएस (सेकंदाला किती चित्रं) चांगला दिसत असतो, पण मान वळवली की चित्र अडखळतं. बेंचमार्कच्या, म्हणजे वेग मोजणाऱ्या चाचणीच्या, सरासरीत हा झटका लपून जातो, खेळणाऱ्याच्या डोळ्यांतून सुटत नाही. टेक्श्चरचं सेटिंग एक पायरी खाली आणलं की बहुतेक वेळा प्रश्न मिटतो, म्हणून घाबरायचं कारण नाही. पण ८ जीबीवाल्याला ती तडजोड उशिरा करावी लागते.

विजेची ओळही सरळ तोलायची: १२० वॅट आणि १८५ वॅट. या १८५ मागे एक कारण आहे. ५८० ही नवी चिप नव्हती. २०१६ च्या जूनमधल्या आरएक्स ४८० चीच ती जास्त वेगाने चालवलेली आवृत्ती. ४८० चा बूस्ट १२६६, वीज १५० वॅट. ५८० चा १३४०, वीज १८५. वेग वाढला सुमारे ६ टक्के, वीज वाढली २३ टक्के. असं होतं कारण चिपला जास्त वेगाने पळवायला व्होल्टेज वाढवावं लागतं, आणि विजेचा खर्च व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात चढतो. स्कूटर ऐंशीच्या वर नेली की ॲव्हरेज कोसळतं, तसंच काहीसं. म्हणूनच ५८० वापरणारे बरेच जण सॉफ्टवेअरमधून व्होल्टेज थोडं उतरवतात. वेगात फरक जवळजवळ पडत नाही, कार्ड थंड आणि शांत होतं. मी हे प्रत्येक ५८० वाल्याला सुचवतो.

दिवसाला चार तास खेळलं तर ६५ वॅटचा फरक महिन्याला साधारण ८ युनिटांचा होतो. फार नाही. पण महावितरणच्या घरगुती बिलात १०० युनिटांनंतर दर चढतो. घर त्या रेषेवर असेल तर ही ८ युनिटं महागड्या टप्प्यात पडतात. त्याहून महत्त्वाचा प्रश्न एसएमपीएसचा, म्हणजे संगणकाला वीज पुरवणाऱ्या डब्याचा. मदरबोर्डच्या खाचेतून कार्डाला ७५ वॅट मिळतात, सहा पिनच्या जोडणीतून आणखी ७५, आठ पिनच्या जोडणीतून १५०. मूळ १०६० ला सहा पिन पुरते. ५८० ला आठ पिन लागते, आणि इतर कंपन्यांनी बनवलेल्या कित्येक ५८० ना आठ अधिक सहा. जुन्या एसएमपीएसला आठ पिनची वायर नसते. मग दुकानातून पन्नास-शंभर रुपयांचा कन्व्हर्टर आणून हार्डडिस्कच्या वायरवर आठ पिन तयार केली जाते. कृपा करून हे करू नका. त्या वायरी एवढी वीज वाहायला बनलेल्या नसतात. जोड तापतो, प्लॅस्टिक वितळतं, आणि मी असा वितळून तपकिरी झालेला जोड हातात धरून बघितला आहे.

आता नावांचा घोटाळा, कारण सेकंडहँड घेणाऱ्याचे पैसे इथेच बुडतात. '१०६०' नावाची कार्डं एकापेक्षा जास्त आहेत. ३ जीबीवालं १०६० म्हणजे फक्त अर्धी मेमरी असं नाही, त्यात कोअरही ११५२ आहेत. 'आरएक्स ५८०' चंही तसंच: ४ जीबीवालं आहेच, पण २०१८ मध्ये चीनच्या बाजारासाठी २०४८ एसपी नावाची आवृत्ती निघाली, जी खरं म्हणजे आरएक्स ५७० च होती. २३०४ ऐवजी २०४८ कोअर, खोक्यावर मात्र ठळक ५८०. ती आज ऑनलाइन सर्रास ५८० म्हणून विकली जाते. माझ्या एका मित्राने असंच कार्ड पूर्ण ५८० च्या भावात घेतलं. घरी येऊन कोअर मोजले तेव्हा २५६ कमी निघाले, आणि विक्रेत्याने फोन उचलणं बंद केलं. याहून वाईट म्हणजे जीटीएस ४५० सारख्या कितीतरी जुन्या कार्डांचा बायोस (कार्डातच साठवलेला मूळ प्रोग्रॅम) बदलून त्यांना १०६० नाव दिलेली नकली कार्डंही फिरत होती. विंडोज त्यांना बिनदिक्कत १०६० म्हणून दाखवतं.

५८० घेताना आणखी एक गोष्ट मनात ठेवा. २०१७ पासून इथेरियम या आभासी चलनाच्या मायनिंगसाठी (अखंड हिशेब करून ते चलन मिळवण्यासाठी) ही कार्डं ढिगाने वापरली गेली. सप्टेंबर २०२२ मध्ये इथेरियमने मायनिंगची पद्धतच बंद केली आणि ती कार्डं बाजारात आली. मायनिंग केलेलं कार्ड खराबच असतं असं मी म्हणणार नाही. एकाच वेगाने चाललेल्या चिपला फारसं काही होत नाही. झिजतात ते पंखे, वाळते ती थर्मल पेस्ट. आणि बदललेला असतो तो बायोस: मायनिंगसाठी मेमरी जास्त वेगाने चालावी म्हणून तिच्या वेळा घट्ट केलेल्या असतात, त्यामुळे गेममध्ये पडदा काळा होतो किंवा रंगीत ठिपके येतात. मूळ बायोस परत टाकला की अनेकदा कार्ड सुधारतं.

तक्त्यात अजिबात नसलेल्या गोष्टी राहिल्या. एनव्हिडियाने ऑक्टोबर २०२५ मध्ये १०६० च्या पिढीसाठी नव्या गेमचे ड्रायव्हर देणं थांबवलं. यापुढे ऑक्टोबर २०२८ पर्यंत फक्त सुरक्षेच्या दुरुस्त्या. एएमडीने २०२३ च्या अखेरीसच पोलारिसला वेगळ्या शाखेत टाकलं, जिथे गरजेपुरत्याच दुरुस्त्या होतात. विंडोजवर दोघंही निवृत्त. लिनक्सवर मात्र ५८० ची स्थिती कितीतरी बरी, कारण त्याचा ड्रायव्हर खुला आहे आणि तो सांभाळणारे लोक फक्त कंपनीचेच नाहीत.

ब्लेंडर हे त्रिमिती चित्रांचं सॉफ्टवेअर शिकणाऱ्याला मात्र निवड उरत नाही. डिसेंबर २०२१ च्या ब्लेंडर ३.० मधून ओपनसीएल (कार्डाकडून हिशेब करून घेण्याची खुली पद्धत) काढून टाकलं, आणि त्याबरोबर ५८० वर सायकल्स या त्याच्या इंजिनाने चित्र तयार करण्याची सोय गेली. १०६० वर कूडा ही एनव्हिडियाची तशीच पद्धत असल्यामुळे ते काम होतं. रे ट्रेसिंगच्या (प्रकाशकिरणांची वाट मोजून चित्र काढण्याच्या) ओळीत १०६० पुढे 'हो' दिसेल, कारण २०१९ मध्ये ड्रायव्हरमधून ती सोय दिली होती. पण त्यासाठी लागणारे खास कोअर या चिपमध्ये नाहीत, त्यामुळे गेम सरकत नाही. ती ओळ सोडून द्या. लहान चित्र मोठं करून वेग वाढवणाऱ्या सोयींपैकी एएमडीच्या एफएसआरच्या जुन्या आवृत्त्या दोन्हीवर चालतात, एनव्हिडियाचं डीएलएसएस एकावरही चालत नाही.

एवढं झाल्यावर मी भाच्याला उलटे तीन प्रश्न विचारले. प्रोसेसर कुठला? तिसऱ्या पिढीचा आय ५. एसएमपीएस? साडेचारशे वॅट, सहा पिनची एक वायर. कार्डावर करणार काय? जुने गेम, आणि कॉलेजच्या प्रोजेक्टसाठी ब्लेंडर. त्याच्याकडे सहाव्या पिढीपुढचा प्रोसेसर, धड एसएमपीएस आणि फक्त नवे गेम खेळायची हौस असती तर मी ८ जीबीवालं ५८० च घे म्हटलं असतं. त्याच्यासाठी १०६०.

रविवारी तो दुकानात गेला तेव्हा पेन ड्राइव्हवर जीपीयू-झेड, म्हणजे कार्डाची माहिती दाखवणारा प्रोग्रॅम, घेऊन गेला होता. दुकानदाराच्या संगणकावर कार्ड लावून त्याने चार आकडे बघितले आणि मला फोटो पाठवला: शेडर (म्हणजे कोअर) १२८०, आरओपी (तयार पिक्सेल मेमरीत लिहिणारे घटक) ४८, बस १९२ बिट, मेमरी ६१४४ एमबी. मग अर्धा तास तिथेच बेंचमार्क चालवायला लावला, तापमान ७४ वर जाऊन थांबलेलं बघितलं, आणि तेव्हा कुठे खिशात हात घातला.